हुतात्मा भाई कोतवाल

नेरळच्या पश्चिमेस माथेरानचा डोंगर उभा आहे. त्याच्या पूर्वेकडील कड्यावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे कर्जत तालुक्याचे विस्तीर्ण खोरे दृष्टीस पडते. उल्हास नदी वळणे घेत जाते. पोशीर नदी तिला येऊन मिळते. नेरळ, कळंब, पोशीर अशी अनेक गावे आणि त्यांच्या भोवती भाताची खाचरे पसरलेली दिसतात. या खोऱ्याच्या पलीकडे सह्याद्रीची निळसर भिंत आहे आणि तिच्यात सिद्धगडाचा सुळका आहे. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत, त्याचा जन्म माथेरानच्या डोंगरावर झाला, त्याचे कार्य या खोऱ्यात झाले आणि त्याचे देहावसान सिद्धगडाच्या रानात झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्याचे नाव. लोक त्यांना प्रेमाने भाई कोतवाल म्हणत.

१ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण. मुंबईचे धनिक आणि इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात तेथे विश्रांतीसाठी येत. त्यांचे बंगले, त्यांची आगगाडी, त्यांचा डामडौल एका बाजूस; आणि त्यांची ओझी वाहणारे, त्यांची सेवा करणारे गरीब लोक दुसऱ्या बाजूस. विठ्ठलाचे बालपण या दोन जगांच्या सीमेवर गेले. प्राथमिक शिक्षण माथेरानच्या शाळेत झाल्यावर पुढे शिकण्याची सोय तेथे नव्हती. तेव्हा तो पुण्यास आपल्या आत्याकडे राहून शिकला. मुलगा बुद्धिमान होता आणि कष्टाळूही होता. गरिबीमुळे त्याचे शिक्षण रखडले, पण थांबले नाही. अखेर त्यांनी कायद्याची पदवी मिळवली.

त्या काळी कायद्याची पदवी म्हणजे प्रतिष्ठेचा आणि पैशाचा मार्ग होता. मुंबईत किंवा पुण्यात वकिलीची पाटी लावली असती तर भाईंचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु ते माथेरानला आणि कर्जतच्या खोऱ्यातील गावांकडे वळले. १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. ज्या गावात त्यांचे वाडवडील इतरांची सेवा करून पोट भरत होते, त्याच गावाचा कारभार पाहण्याचा मान त्यांना मिळाला. पण त्यांचे लक्ष डोंगराच्या माथ्यापेक्षा पायथ्याकडे अधिक होते. तेथील शेतकऱ्यांची स्थिती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

ती स्थिती कशी होती, हे नीट समजून घेतल्याखेरीज भाईंच्या कार्याचे मोल आपल्याला कळणार नाही.

खोऱ्यात जमीन भरपूर आणि पाऊसही भरपूर; पण जो जमीन कसत असे त्याच्या मालकीची ती बहुधा नसे. जमीन असे जमीनदाराची किंवा सावकाराची. ती कसण्यासाठी घेणाऱ्यास कूळ म्हणत. कुळाने नांगरावे, राब भाजावा, आवण लावावे, बेणणी करावी, कापणी व झोडणी करावी आणि भात खळ्यात पडले म्हणजे त्यातला ठरलेला वाटा मालकाला द्यावा, असा प्रघात होता. या वाट्यास खंड म्हणतात. कित्येक ठिकाणी तो पिकाच्या निम्मा असे. अशा कराराला अर्धेल म्हणत. खंडाचा करार पुष्कळदा तोंडी असे. खंड पोचल्याची पावती मिळेलच, याची खात्री नसे. मालकाच्या घरी लग्नकार्य निघाले, घर शाकारायचे असले, लाकूडफाटा हवा असला, म्हणजे कुळाला कामास बोलावीत आणि त्याची मजुरी देत नसत. यालाच वेठ म्हणत. एवढे करूनही पुढच्या वर्षी तीच जमीन आपल्याकडे राहील, असा भरवसा कुळाला नसे. मालकाची मर्जी फिरली की जमीन दुसऱ्याला जाई.

यापेक्षाही अवघड असा एक फास होता. तो म्हणजे खावटीचा. पावसाळा सुरू झाला की कुळाच्या घरातील कणगी रिकामी होई. आषाढ-श्रावणात शेतावर सर्वांत अधिक कष्ट असतात आणि नेमके तेव्हाच घरात दाणा नसे. अशा वेळी कूळ मालकाकडे किंवा सावकाराकडे जाऊन खाण्यापुरते भात उसने आणी. हीच खावटी. चार-पाच महिन्यांनी पीक हाती आले म्हणजे ती फेडायची असे. पण जेवढे घेतले तेवढे परत देऊन भागत नसे. एका मणाचे दीड मण द्यावे लागत. काही वेळा दुप्पटही द्यावे लागे.

आता आपण एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कुळाने वर्षभर राबून छत्तीस मण भात पिकवले. अर्धेलीने अठरा मण मालकाच्या घरी गेले. पावसाळ्यात त्याने आठ मण खावटी आणली होती. तिचे दिढीने बारा मण फेडावे लागले. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी दोन मण बाजूस काढले. मग घरात राहिले किती? केवळ चार मण! छत्तीस मण पिकवणाऱ्याच्या मुलाबाळांना चार मणांवर दिवस काढायचे. होळीच्या आतच कणगीचा तळ दिसू लागे आणि पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारी जाणे प्राप्त होई. ज्याच्या दारी आपण खावटी मागायला जाणार, त्याच्यापाशी आपल्या हक्काची भाषा कोण आणि कशी करणार? वेठ नाकारली तर खावटी मिळणार नाही. पावती मागितली तर जमीन जाईल. म्हणून कूळ मुकाट्याने सारे सहन करी.

याच कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड जिल्हा म्हणतो तेथे, कुळांनी पूर्वी एकदा मोठा लढा दिला होता. अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. तेथे १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. अन्याय्य अटींवर खोतांची जमीन कसायची नाही, असा त्यांनी निश्चय केला. पंचवीस गावांतील शेतकरी त्यात उतरले आणि सुमारे सहा वर्षे त्यांनी तो निश्चय पाळला. जमिनी ओसाड पडल्या. लोकांनी रानातील लाकडे विकून, मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. पण ते मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरीला जाऊन या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांच्या दुःखाला सरकारदरबारी वाचा फुटली.

याचा परिणाम म्हणून १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. जे कूळ पुष्कळ वर्षे तीच जमीन कसत आले आहे, त्याला मालकाने मनास येईल तेव्हा काढू नये. ठरलेल्या खंडाखेरीज वेठ किंवा इतर पट्ट्या घेऊ नयेत, असे या कायद्याचे धोरण होते. परंतु कायदा संमत होणे निराळे आणि तो लागू होणे निराळे. हा कायदा १९४१ मध्ये आरंभी थोड्याच जिल्ह्यांना लावण्यात आला. त्यांत ठाणे जिल्हा होता. कुलाबा जिल्हा नव्हता. कर्जत तालुका ठाणे जिल्ह्याला अगदी लागून आहे. तेव्हा शिवेच्या एका अंगाला कुळाला कायद्याचा आधार आणि दुसऱ्या अंगाला तेच भात, तोच पाऊस, तेच कष्ट, पण आधार मात्र नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

भाई कोतवाल कायदा शिकलेले होते. कायद्याचे सामर्थ्य ते जाणत होते. परंतु कागदावरचा हक्क उपाशी माणसाच्या हाती येत नाही, हे त्यांना खोऱ्यातील गावांत प्रत्यक्ष दिसत होते. ज्याला वाचता येत नाही, तो कशावर अंगठा उठवतो आहे हे त्याला कळत नाही. ज्याच्या घरी दाणा नाही, त्याला न्यायासाठी थांबणे परवडत नाही. म्हणून सावकार व जमीनदार यांच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू घेत असतानाच भाईंनी दोन कामे हाती घेतली. एक शाळांचे आणि दुसरे धान्याचे.

कर्जत तालुक्यातील खेड्यापाड्यांत त्या वेळी शाळा फार थोड्या होत्या. सरकार शाळा काढील म्हणून वाट पाहत बसण्याऐवजी भाईंनी लोकांच्या सहकार्याने ऐच्छिक शाळा सुरू केल्या. शिकलेल्या तरुणांनी पुढे व्हावे, गावाने जागा द्यावी आणि मुलांनी अक्षरे गिरवावीत, अशी ही साधी योजना होती. या शाळांतून शेतकऱ्यांची, मजुरांची मुले प्रथमच पाटी-पेन्सिल हाती धरू लागली. अक्षरओळख ही कुळाच्या घरी केवळ शोभेची वस्तू नव्हती. मालकाच्या वहीत आपल्या नावावर किती मण मांडले आहेत, तलाठ्याच्या दप्तरात जमिनीपुढे कोणाचे नाव आहे, आपण कोणत्या कागदावर निशाणी करीत आहोत, हे वाचणारे एक जरी मूल घरात असले तरी त्या घराची निम्मी भीती दूर होत असे.

दुसरे काम धान्यकोठ्यांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई पडू लागली होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. भाव चढले. अशा वेळी खावटीचा फास अधिकच आवळला जाण्याचा संभव होता. भाईंनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या उभ्या केल्या. ज्याप्रमाणे पेढीत पैसे ठेवतात व गरजेला काढतात, त्याप्रमाणे येथे धान्य साठवायचे आणि अडल्यानडल्याला ते द्यायचे, ही त्यामागील कल्पना. पीक आल्यावर घेतलेले धान्य परत करावे, म्हणजे पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. यात सावकार नाही, दिढी नाही, कोणाची मिनतवारी नाही.

आपण मघाचाच हिशेब पुन्हा मांडून पाहू. त्याच कुळाने आठ मण भात सावकाराऐवजी गावच्या धान्यकोठीतून घेतले आणि परत करताना, समजा, एक मण वाढावा दिला. म्हणजे बारा मणांऐवजी नऊ मण दिले. तर त्याच्या घरात चाराऐवजी सात मण उरले. ही वाढ आकड्याने लहान दिसेल. परंतु दुसरा लाभ याहून मोठा होता. आषाढात त्याला मालकाच्या दारी उभे राहावे लागले नाही. जो माणूस कोणाच्या दारी उभा नाही, तो ताठ मानेने पावती मागू शकतो. धान्यकोठी ही अशा प्रकारे हक्काची पहिली पायरी होती.

या योजनेत कुळावरही जबाबदारी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. घेतलेले धान्य वेळेवर परत केले नाही तर कोठी रिकामी पडणार आणि त्याचे हाल शेजाऱ्याला भोगावे लागणार. सावकाराचे बुडवले तर सावकाराचे नुकसान. कोठीचे बुडवले तर साऱ्या गावाचे नुकसान. कोठीतला माप हक्काचा असतो आणि तो परत भरणे हे कर्तव्य असते. हक्क आणि कर्तव्य ही एकाच मापाची दोन टोके आहेत, हा धडा पुस्तकाविना शिकवण्याचे सामर्थ्य या कोठ्यांत होते.

हे कार्य मूळ धरीत असतानाच देशात मोठी खळबळ उडाली. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या अधिवेशनात इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधी आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाली. पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा गावोगावचे कार्यकर्ते स्वतःच्या विचाराने पुढे आले. भाई कोतवाल भूमिगत झाले. कर्जत, मुरबाड या भागातील शेतकरी, शिक्षक आणि तरुण यांना एकत्र करून त्यांनी एक दल उभारले. त्याला आझाद दस्ता असे नाव होते. मानिवली गावचे गोमाजी पाटील आणि त्यांचे पुत्र हिराजी पाटील हे या दलातील निष्ठावंत सहकारी होते.

खोपोली आणि भिवपुरी येथे पाण्याच्या शक्तीवर वीज निर्माण होत असे. तेथून निघालेल्या तारा उंच लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईकडे जात. या विजेवर मुंबईचे कारखाने चालत आणि त्या कारखान्यांतून इंग्रज सरकारला युद्धासाठी माल मिळे. हे मनोरे पाडले तर सरकारचे बळ खुंटेल, असा विचार करून आझाद दस्त्याने १९४२ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत रात्रीच्या अंधारात अनेक मनोरे कापून पाडले. सरकार हादरून गेले. भाईंना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आणि पोलिसांनी खोरे पिंजून काढण्यास प्रारंभ केला.

कायद्याच्या अभ्यासकाने कायदा मोडण्याचा मार्ग धरावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु भाईंची दृष्टी आपण समजून घेतली पाहिजे. जे राज्य लोकांच्या संमतीने चालत नाही, त्याचे कायदेही लोकांचे नसतात. कुळांना संरक्षण देणारा कायदा तयार असूनही तो कोणत्या जिल्ह्याला द्यावा आणि कोणत्या जिल्ह्याला देऊ नये, हे ज्यांच्या हाती होते त्यांना कुळांनी निवडून दिलेले नव्हते. स्वराज्यात लोकांनी केलेला कायदा लोकांनीच पाळावा, अशी स्थिती यावी, यासाठी त्यांनी परक्या राजवटीचा कायदा मोडला आणि त्याची जी किंमत मोजावी लागेल ती मोजण्याची तयारी ठेवली.

ती किंमत लवकरच मोजावी लागली. थंडीचे दिवस होते. आझाद दस्त्याने सिद्धगडाच्या दाट रानात आश्रय घेतला होता. त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटेच्या वेळी हॉल नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने सशस्त्र तुकडीसह त्या जागेला वेढा दिला. गोळीबार झाला. त्यात हिराजी पाटील धारातीर्थी पडले आणि भाई कोतवाल यांनीही तेथेच देह ठेवला. त्या वेळी त्यांना तीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम एक महिना झाला होता.

भाई गेले, पण ज्या प्रश्नासाठी ते आयुष्यभर झटले, तो प्रश्न मिटला नव्हता. १९३९ चा कायदा १९४६ मध्ये सर्व मुंबई प्रांताला लागू झाला आणि कर्जतच्या कुळांना तो मिळाला. १९४७ मध्ये स्वातंत्र्य आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळाने नवा आणि अधिक व्यापक कूळकायदा केला. १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. भाईंना जे पाहावयास मिळाले नाही, ते या कायद्यांनी घडवले. म्हणून त्यांची मुख्य तत्त्वे आपण थोडक्यात पाहू.

१९४८ च्या कायद्याने मालकावर काही बंधने घातली. पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खंड त्याला घेता येईना. ही मर्यादा पुढे आणखी खाली आणण्यात आली. खंड मिळाल्यावर लेखी पावती देणे हे त्याचे कर्तव्य ठरले. वेठ आणि इतर पट्ट्या बंद झाल्या. कुळाकडून जमीन परत घ्यायची असेल तर स्वतःच्या बळावर त्याला बाहेर काढता येईना. मामलेदाराकडे अर्ज करून, कायद्यात सांगितलेले कारण सिद्ध करून, मगच ती घेता येऊ लागली.

त्याचबरोबर कुळावरही कर्तव्ये आली. त्याने खंड मुदतीत द्यावा. जमीन स्वतः कसावी; ती परस्पर दुसऱ्या कुळाला देऊ नये. तिची कायमची नासाडी होईल असे काही करू नये. शेतीची जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला लावू नये. ही कर्तव्ये जो पाळणार नाही, त्याला कायद्याचे संरक्षण राहणार नाही. म्हणजे मालकाची मर्जी आणि कुळाची लाचारी यांच्या जागी दोघांनाही बांधणारा नियम आला.

आपला तोच हिशेब आता शेवटचा एकदा मांडू. छत्तीस मणांपैकी तिसरा हिस्सा, म्हणजे बारा मण, मालकाला गेले. धान्यकोठीला नऊ मण परत केले. बियाण्यासाठी दोन मण ठेवले. कुळाच्या घरात तेरा मण उरले. कोठे ते चार मण आणि कोठे हे तेरा मण! जमीन तीच, पाऊस तोच, कष्ट तेच. पालटला तो केवळ न्याय.

यापुढचे पाऊल फार मोठे होते. १९४८ च्या कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन म्हणून ठरवण्यात आला. त्या दिवशी जे कूळ स्वतः जमीन कसत होते, त्याने ती जमीन विकत घेतली असे कायद्याने मानले. मालकाला ठरावीक किंमत हप्त्यांनी द्यावी आणि कसणाऱ्याने स्वतःच मालक व्हावे, अशी ही व्यवस्था होती. अशा रीतीने असंख्य कुळांची नावे सातबाराच्या उताऱ्यावर मालक म्हणून लागली.

तथापि सर्वांनाच हा लाभ झाला नाही. काही ठिकाणी कुळाचे नाव दप्तरात लागलेलेच नव्हते. काही ठिकाणी आपण राजीखुशीने जमीन सोडीत आहोत, अशा मजकुराच्या कागदावर कुळांचे अंगठे उमटले होते. म्हणून कुळाने जमीन सोडताना ती खरोखर राजीखुशीने सोडली आहे किंवा नाही याची मामलेदाराने खात्री करून घ्यावी, असे बंधन कायद्यात घालावे लागले. ज्या घरात कोणाला वाचता येत होते आणि ज्या घरी दोन महिन्यांचा दाणा होता, त्या घराला कायद्याचा लाभ घेणे सोपे गेले. भाई कोतवालांनी शाळा आणि धान्यकोठी यांवर इतका भर का दिला, याचे उत्तर येथे मिळते. कायदा हे बी आहे. पण ते रुजण्यासाठी जमीन तयार करावी लागते. ती मशागत भाईंनी केली.

आज नेरळ येथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मारक आहे. सिद्धगडाच्या पायथ्याशी हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी जानेवारीच्या प्रारंभी लोक तेथे जमून त्यांना अभिवादन करतात. मुंबईत दादर येथे एका उद्यानाला वीर कोतवाल यांचे नाव दिलेले आहे. त्या उद्यानात विसावणाऱ्या कित्येकांना हा वीर कोण होता हे ठाऊकही नसेल.

परंतु भाईंचे खरे स्मारक याहून निराळे आहे. कर्जतच्या खोऱ्यात भात कापून झाल्यावर एखादा शेतकरी आपल्याच जमिनीतले, आपल्याच मालकीचे धान्य कणगीत भरतो आणि त्याची मुलगी सातबाराचा उतारा हाती घेऊन त्यावरील आजोबांचे नाव मोठ्याने वाचते. त्या घरात खावटी हा शब्द आता केवळ आठवणीत उरला असेल. तेथे भाई कोतवालांचे स्मारक उभे आहे, असे म्हणण्यास काय हरकत आहे?